प्रेस लावा म्हणजे उजेड पडेल

चहा घेतला ना सगळ्यांनी? मग ऐका. पण एक अट आहे, मधे हसायचं नाही. कारण मी जो घोटाळा करून ठेवला, तो करताना मी अजिबात गंमत करत नव्हतो. मी अतिशय गंभीर होतो. घात तिथेच झाला!

तुम्हाला माहीत आहे, एकोणतीस वर्षं मी बडनेऱ्याच्या स्टेशनात तिकीट खिडकीत बसलो. मागच्या वर्षी रिटायर झालो आणि अमरावतीतल्या घरी पूर्णवेळ बसू लागलो. रिटायर माणसाला एक वाईट खोड लागते. भिंतीतला प्रत्येक ढिला स्क्रू त्याला दिसायला लागतो.

त्यात अकोल्याहून पोरीचा, प्राजूचा फोन आला. तिची मुलगी सई, म्हणजे माझी नात, चौदा महिन्यांची. रांगता रांगता जिथे भोक दिसेल तिथे बोट घालते. आणि आमच्या बैठकीत दिवाणाजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जुनं उघडं सॉकेट.

"बाबा, ते सॉकेट पहिले बदलवा. मंगच येतो आमी."

"अवं, मी लक्ष ठेवतो ना तिच्यावर!"

"मागच्या खेपेले तुमीच लक्ष ठेवून होते. तवा तिनं तुमची कवळी दिवाणाखाली नेऊन ठेवली होती."

नात आठ दिवस राहायला येणार की नाही, ते त्या दोन-तीन भोकांवर येऊन थांबलं.

बायको म्हणाली, "वायरमनले बोलवा."

"दोन वायरी अन् चार स्क्रू! त्याच्यासाठी वायरमन काहून पाहिजे? मी काय मेलो?"

"तसं नाई म्हणून राहिली मी," ती म्हणाली. पण ज्या नजरेनं म्हणाली ना, त्या नजरेनं मी तडक इलेक्ट्रिकचं दुकान गाठलं.

"लहान लेकराच्या घरासाठी सॉकेट द्या."

दुकानदारानं विचारलं, "शटरवालं देऊ का?"

मी वर त्याच्या दुकानाच्या शटरकडे पाहिलं. "नको भाऊ, आमच्या घराले दरवाजा हाये."

मग त्यानं एक सॉकेट काढलं, त्याच्या भोकात पेन टोचून दाखवला. पेन आत जाईना. "आतमंदी पडदा असते, काका. पिन बरोबर बसली तरच उघडते. लेकरानं बोट घातलं, काडी घातली, तरी उघडत नाई. यालेच शटर म्हणतात."

"हां हां! ते शटर!" मी म्हणालो. जसं काही मला आधीपासून माहीतच होतं.

"तिथं बटन बी हाय का?"

"हाय ना. बैठकीच्या बल्बचं."

"मंग कंबाइन घ्या. एकाच पट्टीवर बटन बी अन् सॉकेट बी. सहाचं देऊ का सोळाचं?"

"इतके काय करू? एकच द्या!"

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक खोकल्यासारखं करून बाहेर गेलं. सहा आणि सोळा म्हणजे अँपिअर, हे मला घरी आल्यावर डबीवर वाचून कळलं. दुकानदारानं बिचाऱ्यानं माझ्याशी वाद न घालता सहाचं बांधून दिलं. फक्त जाताना विचारलं, "जोडता येते ना, काका?"

"अरे, एकोणतीस वर्षं रेल्वेत होतो मी!"

तिकीट खिडकीचा आणि वायरींचा काय संबंध, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्ससाठी आमच्या भागातली लाईन सकाळपासून बंद. म्हटलं, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. जुना बोर्ड उघडला. आत पाहतो तो काय, सगळ्या वायरी रंगाच्या आणि धुळीच्या थरानं एकाच रंगाच्या झालेल्या! कोणती कुठे होती हे लक्षात राहावं म्हणून मी आधी मोबाइलवर फोटो काढला. वायरी सोडवून झाल्यावर फोटो उघडला, तर त्यात फक्त माझा अंगठा. अंगठा मात्र इतका स्पष्ट आला होता, की त्यावरच्या रेषा मोजून घ्याव्यात!

मग मी डोकं चालवलं. एक वायर बटनाला लावली. बटनातून सॉकेटला. सॉकेटच्या दुसऱ्या बाजूनं जी वायर वर बल्बाकडे जात होती, ती जोडली. एक वायर पुसल्यावर हिरवी निघाली; हिरवी वरच्या मोठ्या भोकाची, एवढं डबीवर चित्र होतं. आणि एक वायर उरली. ती कोणाची? बरंच शोधलं. कोणाचीच नाही असं ठरवलं, तिच्यावर टेप गुंडाळली आणि मागे ढकलून दिली. पट्टी स्क्रूनं आवळली. दिसायला इतकी सुबक दिसत होती की मी बायकोला स्वयंपाकघरातून हात धरून आणलं.

संध्याकाळी लाईन आली. मी ऐटीत बटन दाबलं.

अंधार.

"बल्ब गेला असंन," मी म्हणालो. नवा बल्ब लावला. अंधारच. तिसरा लावला. तोही नाही!

बायको म्हणाली, "सॉकेट तरी चालते का पाहा." तिनं कपड्यांची प्रेस, म्हणजे इस्त्री आणली, पिन घातली. आणि काय सांगू, वरचा बल्ब झक्कन लागला!

आम्ही दोघंही वर पाहत राहिलो. तिनं पिन काढली. बल्ब गेला. पिन घातली. बल्ब आला.

"अजी, हे काय होय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बसलो का? नाही! मी दोन मिनिटं विचार केला आणि शांतपणे म्हणालो, "सेफ्टी होय ते. सॉकेट रिकामं असलं की सगळंच बंद. लेकराच्या हिशेबानं केलेलं हाये. नवीन टेक्निक."

"मंग उजेडासाठी रोज प्रेस लावून ठेवायची का?"

"नातीसाठी एवढं करता येत नाई का तुले?"

पण अर्ध्या तासानं लक्षात आलं की प्रेस गरमच होत नाही. हात लावून पाहिला, गाल लावून पाहिला. दगडासारखी थंड. बल्ब वर लख्ख आणि प्रेस खाली गार! अर्थ सरळ होता, प्रेस बिघडली. सकाळी रिपेअरवाल्याकडे नेली. त्यानं पिन लावली, दोन मिनिटांत त्यावर पाण्याचा थेंब टाकला, चर्र!

"बाबूजी, काहीच झालं नाई तिले."

घरी आणली. थंड. पुन्हा नेली. चर्र! घरी आणली. थंड. तिसऱ्यांदा मला येताना पाहून तो लांबूनच म्हणाला, "बाबूजी, तुमी कपडेच इथं आणत जा ना!"

आता माझं डोकं गरगरायला लागलं. मिक्सर आणून लावला. स्वयंपाकघरात जो मिक्सर सगळी गल्ली उठवतो, तो बैठकीत मुका. बल्ब मात्र लख्ख! मोबाइलचा चार्जर लावला, तर बल्ब काजव्यासारखा लुकलुकायला लागला आणि मोबाइल टिंग, टिंग, टिंग करत राहिला.

"हे काय आता?" बायकोनं विचारलं.

"इंडिकेटर. चार्जिंग चालू हाये असं सांगून राहिला तो."

तासाभरानं मोबाइल बंद पडला. मी म्हटलं, मोबाइल जुना झाला.

तर असे चार दिवस गेले. घराची एक पद्धतच पडून गेली. अंधार पडला की बायको आतून म्हणायची, "अजी, प्रेस लावा!" झोपताना म्हणायची, "प्रेस काढा!" माणूस कशालाही सरावतो हो. मला तर ते सोयीचंच वाटायला लागलं होतं.

मग बायकोनं प्राजूला फोन केला. "ये आता तू. बदलवलं सॉकेट. फक्त उजेड पाहिजे असला की प्रेस लावा लागते."

प्राजूनं आईला ते दोनदा म्हणायला लावलं.

"आई," प्राजू हळूच म्हणाली, "बाबाची तब्येत बरी हाये ना?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती हजर. कडेवर सई आणि सोबत तिच्या सासूबाई मंदाताई, म्हणजे माझ्या विहीणबाई. मी त्यांचा इवाई, म्हणजे व्याही. यांचं अकोल्यात जठारपेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपाच्या मोटरी पुन्हा तार गुंडाळून चालू करून देतात. नवरा-बायको दोघंही दुकानात असतात. मला आपलं वाटायचं, बाई हिशेबाच्या टेबलावर बसत असतील.

उन्हामुळे खिडक्या बंद होत्या. बैठकीत अंधार.

"थांबा, उजेड करतो," असं म्हणत बायकोनं सराईतपणे प्रेस उचलली आणि पिन घातली.

बल्ब लागला. मंदाताई पाण्याचा ग्लास तोंडाजवळ तसाच धरून थांबल्या. एकदा प्रेसकडे पाहिलं, एकदा बल्बकडे.

"इवाईबुवा, हे काय?"

मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. सेफ्टी, नवीन टेक्निक, रिकामं सॉकेट, इंडिकेटर, सगळं! बाईंनी एका शब्दानं अडवलं नाही. ऐकून घेतलं, ग्लास खाली ठेवला, पदर खोचला.

"टेस्टर अन् पेचकस हाये का घरात?"

"हाये. पण तुमी कशाले…"

"बाबा," प्राजू म्हणाली, "दुकानातल्या सगळ्या मोटरी याच बांधतात. मामंजी गिऱ्हाइकाशी बोलतात फक्त."

तोवर बायकोनं दिलेल्या पेचकसानं बाईंनी पट्टीचे स्क्रू काढून आत डोकावून पाहिलंही होतं.

"अरे बाप्पा! इवाईबुवा, बल्ब अन् सॉकेट दोघायले तुमी एकाच माळेत गुंफलं. वीज बल्बाले भेटायची तं पहिले प्रेसमधून जा लागते. अन् बल्ब एवढासा, तो प्रेसले काय गरम होऊ देते?" मग त्यांनी टेप गुंडाळलेली ती अनाथ वायर टेस्टरच्या टोकानं बाहेर ओढली. "अन् या न्यूट्रलले, वीज परत जायच्या वायरले, काहून झोपवून ठेवलं?"

प्राजू पदर तोंडाशी धरून हसायला लागली. ड्रेसवर होती, पदर नव्हता, म्हणून आईचा धरला!

मी म्हणालो, "बरं झालं सांगितलं. मले थोडी शंका होतीच."

"मेन बंद करा पहिले," बाई म्हणाल्या.

निदान हे तरी काम माझं! मी छाती काढून बाहेर गेलो. आमचं घर जोडघर आहे. मधली भिंत एक, पलीकडे रशीदभाई टेलर राहतात, आणि दोन्ही घरांची मीटरं बाहेर एकाच पेटीत. मी पेटी उघडली, खटका खाली ओढला, आत येऊन जाहीर केलं, "बंद! करा बिनधास्त!"

मंदाताईंनी वायरला आधी टेस्टर लावला. टेस्टर लालबुंद पेटला.

"इवाईबुवा, मेन बंद केला ना?"

"केला म्हणजे काय! माझ्या हातानं केला."

"मंग हे काय होय?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ बाबूजी! तुमच्याकडं लाईन हाय क्या? माझी तं मशीन बंद पडली, अर्धी बाही लागली अन् सुई आतच!"

मंदाताई उठल्या, स्वतः बाहेर गेल्या, एक खटका वर केला, दुसरा खाली केला, आत आल्या. पुन्हा टेस्टर लावून पाहिला आणि दहा मिनिटांत सगळं जोडून दिलं. बल्ब बटनावर लागला. प्रेस चर्र झाली. सई रांगत गेली, सॉकेटमध्ये बोट घालून पाहिलं, ते जाईना, म्हणून माझ्याकडे रागानं पाहून रडली. एवढी एकच गोष्ट मी धड आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज मीटरची पेटी उघडली. आमच्या खटक्याखाली बायकोनं कागद चिकटवला होता: 'हा आपला.'

आणि शेजारच्या खटक्याला लाल कापडाची एक छोटी पट्टी टांगली होती. कडा दुमडून, मशीनवर नीट शिवलेली. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं काढलं होतं: 'हा रशीदचा. बाबूजींनी दुरूनच पाहावा.'