उखर्डू आबांची सव्वा मूठ

उखर्डू आबांच्या आधी त्यांच्या आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथं जन्मलं तेव्हा सुईणीनं ते घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, कचऱ्यातून उचलल्यासारखं परत आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. यमाचे लोक आलेच, तर त्यांना वाटावं, हा तर केर, याला नेऊन काय करायचं! ही युक्ती जरा जास्तच लागू पडली. आबा नव्वदीच्या पार गेले, पण यमाचे लोक काही त्या गल्लीत फिरकले नाहीत.

दोंडाईच्याच्या बाजाराला निघालेली माणसं ओट्यावर बसलेल्या आबांना, आहात ना अजून, असं हटकल्याशिवाय पुढे जात नसत.

"शेतस का आबा?"

"शे ना भो. जाऊ कोठे? त्यासना पत्ता चुकी गया."

माणसं हसायची, आबाही हसायचे. पण यंदा आषाढापासून त्यांचं हसू कमी झालं होतं. ब्लडप्रेशरची गोळी ते तोंडात धरायचे आणि सून आत गेली की काढून गादीखाली सरकवायचे. सुनेला ते गादी झटकताना कळलं. तिनं गोळ्या गोळा करून डबीत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा पेला हातात धरून समोर उभी राहू लागली. तेव्हा आबांनी सरळच सांगितलं, "नको गोई. कोनासाठे खाऊ?"

ही सून म्हणजे पुष्पाबाई. आबांच्या हिलालची बायको. हिलाल जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता त्या घरात सासरा आणि सून अशी दोनच म्हातारी माणसं राहत. पुष्पाबाईंचा मुलगा किरण धुळ्याला देवपुरात असतो. त्याची बायको सोनल तिथं शाळेत शिकवते, आणि त्यांचा लहानगा बादल आबांना व्हिडिओ कॉलवर जीभ काढून दाखवतो.

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला किरण सगळ्यांना घेऊन गावी आला, तेव्हा त्यानं आबांना मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. परदेशात म्हणे काही बडे लोक मरायचंच नाही म्हणून कामाला लागलेत. मोजून जेवतात, मोजून झोपतात, मूठभर औषधं खातात.

"आबा, त्यांनी तुमच्याकडे शिकवणीला यायला पाहिजे," किरण म्हणाला.

आबांनी डोकं खाजवलं. "मरानंच नही? मंग करतीन काय?"

"काय म्हणजे? मजा करतील. जग बघतील."

"दखाई जास भो बठ्ठं," आबा म्हणाले. "मंग कटाळा येस."

सगळं पाहून झालं की कंटाळाच, हे ऐकून किरणला वाटलं, आबा गंमत करतात. आबा गंमत करत नव्हते. त्यांनी ऐन जवानीत मिरचीच्या गाड्या भरून दोंडाईच्याला नेल्या होत्या, अख्ख्या रस्त्यानं शिंकत. कपाशी लावली, विहीर खणली, एकदा सरपंचाच्या तोंडावर त्याला चोर म्हटलं. हे सगळं ते अजूनही रंगवून सांगत. पण आताशा ऐकणारे नुसते "हो आबा" म्हणत. धाकटा भाऊ पुना असताना तो मध्येच ओरडायचा, "खोटं बोलस तू उखर्ड्या, बैल मी धरेल व्हतात!" मग दोघांची जुंपायची, आणि बायको भिकुबाई आतून दोघांनाही शिव्या घालायची. आता पुना नव्हता, भिकुबाई नव्हती. 'उखर्ड्या' म्हणणारं माणूस साऱ्या पंचक्रोशीत उरलं नव्हतं. ज्या गोष्टीला कोणी खोटं म्हणत नाही, ती सांगण्यात काय राम? आबांचा कंटाळा हा असा होता.

त्यात रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू मोजायचा दिवस आला.

या घरात कानबाईच्या रोटाला गहू असे कसेही घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. मूठ धरायची ती घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं. तेच गहू दळायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या आणि सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, आणि ते जेवण घरच्यांनीच संपवायचं. वडील गेल्यापासून मूठ आबांची होती. कधीकाळी ती मूठ एवढी दांडगी होती की पुना म्हणायचा, उखर्ड्याच्या मुठीनं आपण पोट फुटून मरू.

पण मूठ धरणाऱ्यालाच गेलेल्यांची नावं गाळावी लागतात. पुना गेला त्या वर्षी आबांनी हात आवरला. हिलाल गेला त्या वर्षी मात्र हात ऐकेना. सवयीनं तोंडातून "हिलाल" निघालं, आणि सव्वा मूठ सुपात पडली. आबांना काय करावं सुचेना. सुपातले गहू एकमेकांत मिसळले होते, वेगळे कसे काढणार? तेव्हा पुष्पाबाईच पदर सावरून म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ द्या आबा. कानबाई राग नही धरस." आणि नवऱ्याच्या नावचे ते गहू त्यांनी बाकीच्यांबरोबर दळले होते. ते उपकार आबा विसरले नव्हते. एवढंच की कधी बोलूनही दाखवले नव्हते.

यंदा ओट्यावर पाट मांडला, सूप ठेवलं, सगळे भोवती बसले. आबांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "पुष्पा, आधीच सांगी ठेवस. यंदा मनी मूठ भरस नही मी."

आबा स्वतःच्याच नावची मूठ गाळायला निघाले होते. पुष्पाबाईंचा हात थबकला. "का बरं? काय व्हयनं?"

"काही नही व्हयनं. पुरे व्हयनं. मनी मूठ निंघनी म्हंजे मी बी निंघाले मोकया."

किरण "आबा, काहीतरीच काय!" म्हणाला, सोनलनं बादलला आत पाठवलं. पुष्पाबाई मात्र त्या रागावल्या की बोलतात तशा अगदी हळू बोलल्या.

"जित्ता मानूसनी मूठ सुटत नही आबा. एक डाव धरी, का तो शे तवलोंग दरसाल धरानी. तुम्हीच शिकाडं मले."

"दखू," आबा म्हणाले, आणि त्यांनी मोजायला घेतलं.

किरणची मूठ झाली. बादलची झाली. पुनाच्या घरातल्या पुरुषांची झाली. आबांचा हात थरथरत होता आणि आवळलेल्या बोटांतून गहू गळत होते. दरवर्षीप्रमाणे पुष्पाबाईंनी आपली ओंजळ त्यांच्या मुठीखाली धरली होती. मुठीतून गळेल ते ओंजळीत झेलायचं आणि ज्याच्या नावाची मूठ त्याच्याच नावानं सुपात टाकायचं. कोणाच्या वाट्याला कमी पडू नये म्हणून त्या हे करत. कधीपासून, ते आबांना आठवेना. त्यांनी त्या ओंजळीकडे पाहिलं. चुलीनं भाजल्याचे जुने डाग, सांध्यांत सुजलेली बोटं, सैल झालेल्या बांगड्या. ही म्हातारी कधी झाली? नवी नवरी म्हणून आली तेव्हा गहू पाखडताना हिच्या बांगड्या वाजल्या की भिकुबाई गालात हसायची. आपण सगळं पाहिलं म्हणतो, आणि रोज दोन वेळा समोर भाकर ठेवणारे हात पाहिले नाहीत! आबांना स्वतःचीच लाज वाटली.

आणि मग त्यांच्या मनात ते आलं. मेलेल्या हिलालची मूठ या सुपात चालली. जिवंत पुष्पाची कधी पडलीच नाही. रोट तिनं दळले, तिनं रांधले, सगळ्यांना वाढले, आणि तिच्या नावचा गव्हाचा दाणा त्यात कधी नव्हता.

सगळी नावं संपली. आता आबांचंच राहिलं होतं. त्यांनी मूठ भरली, वर उचलली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पुष्पा."

पुष्पाबाईंना वाटलं, हाक मारली. "काय आबा?"

"काय नही. नाव लिधं. ही तुनी मूठ. मना जागावर."

पुष्पाबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. त्या रडणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि डोळे भरलेही. पण ही बाई आबांच्या हाताखाली तयार झाली होती.

"आपलामा अशी रीत नही," त्या म्हणाल्या.

"थोरला मी शे. आते शे."

"मंग मनी न्यारी धरा. तुमना जागावर मी बसाव नही. तुमनी तुम्ही धरा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. पुष्पाबाईंची सव्वा मूठ सुपात पडली. मग पुन्हा हात भरून त्यांनी "उखर्डू" म्हटलं, कुरकुरत, पण म्हटलं. खाली ओंजळ होतीच.

"यंदा धरी," हात झटकत ते म्हणाले. "पुढला साल मी ऱ्हायनू नही तं?"

पुष्पाबाई ओंजळीतले शेवटचे दाणे सुपात सोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जित्ता मानूसनी मूठ सुटत नही," त्या म्हणाल्या. "आनी मनं नाव लेनारा तुम्ही एकच शेतस. तुम्ही नही ऱ्हायनात तं मनी मूठ कोन धरी?"

किरणनं काही बोलायला तोंड उघडलं, सोनलनं त्याला कोपरानं ढोसलं. पुष्पाबाई सूप उचलून आत गेल्या, आणि आतून गहू पाखडल्याचा आवाज येऊ लागला. आबा तो ऐकत बसले. पुष्पाबाईंनी आपल्याला चांगलंच अडकवलं, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचा राग येत नव्हता. अमर वगैरे होणं त्या परदेशच्या लोकांना लखलाभ. पण पुढच्या श्रावणापर्यंत जरा तग धरायला लागणार होता.

त्यांनी घसा साफ केला आणि आत हाक मारली.

"पुष्पा, मनी गोई कोठे ठेवी वं?"