काकांचा खोटा जावई

मला वाचवलं ते दिनकरकाकांनी. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं नंतर. लिहिता लिहिता हात थांबलाच, तर निदान एवढं तरी कागदावर असावं. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, देवगड सोडून पुण्यात दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो. पाच आठवड्यांपूर्वी गाडी धूत होतो, तेव्हा अमडापूरहून काकांच्या मुलीचा, रेखाताईचा फोन आला. "जावईबापू, बाबा गेले... सकायी चहा पेता पेता." ती मला जावईबापू का म्हणते, ते सांगायचं तर दोन वर्षं मागे जावं लागेल.

क्लारा नावाची जर्मन मुलगी एका सत्रासाठी पुण्यातल्या कॉलेजात शिकायला आली होती. तिचे वडील तरुणपणी सोयाबीनचा अभ्यास करायला अमडापुरात काकांकडे राहिलेले, तेव्हापासून दोन्ही घरांचा घरोबा. मायदेशी परतण्याआधीचे शेवटचे चार दिवस काकांकडे काढायचे असं तिच्या घरून ठरलं आणि तिला घेऊन मी निघालो. पोचल्यावर म्हटलं, मी गाडीतच झोपेन. काका निवृत्त मास्तर, आवाज तसाच. "काऊन बे? आमच्या घरात विंचू हायेत का?" रात्री माझं ताट त्यांनी स्वतःच्या ताटाशेजारी मांडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका गावात काकांच्या मित्राकडे क्लाराला निरोपाचं जेवण होतं. जेवून मी बाहेर गाडीपाशी उभा होतो, तर पाच-सहा पोरं जमली. "एक चक्कर मारा नं!" आमच्या वाडीत गाडी आली की पोरांना एक फेरी द्यायचीच, ती रीत. मी दार उघडलं. परक्या गाडीतून पोरं पळवतात अशी अफवा तिथल्या मोबाइलांवर आठवडाभर फिरत होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. फाट्यावर गाडी वळवतोय तोच एक मोटारसायकल आडवी आली. दार उघडून कुणीतरी मला कॉलरला धरून खाली ओढलं.

"कुठचा हायेस बे?" घाबरलो की माझ्या तोंडून घरचीच बोली येते. "मी देवगडचो... पोरांका जरा फिरवतंय." "ही तं इकडची भाषाच नाही! हाना याले!" पहिली चपराक कानावर बसली आणि जग क्षणभर बहिरं झालं. मग पट्टा, मग लाथा. कुणी बैल हाकायच्या तुतारीने पाठीत टोचलं, तिच्या टोकाची लोखंडी आर शर्टातून आत गेली. दात तुटून जिभेखाली आला, तो मी गिळला. पोरं रडत सांगत होती, "आमीच बसलो व्हतो!" पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. मी रस्त्याची माती चावत पडलो होतो आणि वरून एकजण म्हणाला, "दगड आन."

तेवढ्यात अंगावर काहीतरी धप्पकन पडलं. मला वाटलं, हाच तो दगड. पण ते काका होते, आरडाओरडा ऐकून मित्राच्या घरून धावत आलेले. अडुसष्ट वर्षांचा माणूस माझ्यावर पालथा पडला होता. "माया जावई हाय रे! जावयाले मारता? कोणतं तोंड दाखवसान?" काठी उगारलेल्याचा हात थांबला नाही. ती त्यांच्या खांद्यावर उतरली आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या छातीत ऐकला. मग कुणीतरी ओळखलं. "अरे, थांबा... गुरुजी हायेत!" काठ्या खाली आल्या. ज्याने पट्टा चालवला होता तोच पाण्याचा तांब्या घेऊन आला. "जावईबापू, पहिलेच सांगाचं नं!" त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

क्लाराचे उरलेले दोन दिवस दवाखान्यात, आमच्या दोन खाटांच्या मधे बसून गेले. ती मला चमच्याने वरण भरवायची आणि रडायची. रेखाताई अकोल्याहून नवऱ्याला घेऊन धावत आली. "बाबा, दुसरा नवरा करून द्याच्या आधी मले विचाराचं तरी! आता याइले काय सांगू?" फुटलेल्या ओठांनीही मला हसू आलं. तक्रार करायला मात्र काका तयार होईनात. "लेकरांचे बाप व्हते ते, भेले व्हते." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

पुढे दर रविवारी मी फोन करायचो. हात कसा आहे विचारलं की म्हणायचे, "हाताले काय होते बे! तुयं सांग, जेवला का?"

मागच्या आठवड्यात जावयाच्या नात्याने काकूंसाठी लुगडं घेऊन गेलो. त्या काकांचे कपडे आवरत होत्या. प्रत्येक सदऱ्याची डाव्या खांद्यावरची शिवण उसवून तिथे टिचबटणं लावलेली. मी एक सदरा उचलून बटणं उघडून पाहिली. "हात वर होतच नव्हता न त्याइचा," काकू म्हणाल्या. "तुले सांगू नको म्हनत. पोट्टं घाबरट हाये, इस्टेरिंगवर हात कापतीन त्याचे."

एक सदरा मी मागून आणला. माझ्या खोलीत खिळ्याला टांगलाय. काका, घाबरट तर मी आहेच. पण एखाद्या रस्त्यावर असंच रिंगण दिसलं, आत कुणी परका पडलेला असला, तर मी गाडी थांबवीन. आत शिरेन आणि तो माझा पाहुणा आहे म्हणून ओरडेन. तुमचं देणं असंच कधीतरी फेडीन... शब्द देतो.