आधी उघडून दाखवा

त्यानं माउस पुसला.

माझ्या हातातनं काढून घेतला, गल्ल्याखालचं पिवळं फडकं ओढलं, आणि वरनं, खालनं, पार वायरीपत्तुर पुसला. माझ्याकडं न बघता. दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी बघत होती. मग माउस जागच्या जागी ठेवून म्हणाला, "बाई, हात लावू नका. बघायचंय तर लांबनं बघा."

मी काय केलं होतं? टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर डोंगर, तळी, फुलं असली चित्रं आपली फिरत होती. ती बाजूला सारून आत रॅम किती, प्रोसेसर कुठला, एवढंच बघायला गेले होते. तेवढ्यात दुकानवाला शेठ धावत आला.

मी घामेजले होते, हे खरं. बारामतीचं ऊन, हापिसातनं चालत आलेली. मनाला समजावलं, घामामुळं पुसला असंल. आजवर असंच समजावत आले. घाईत असंल, डोक्यात दुसरं काही असंल, तसं नसंल म्हणायचं त्याला. समोरच्याची बाजू मीच मांडायची आणि मीच ऐकून घ्यायची. सवयच लागलीय.

आधी माझं सांगते. मी ड्रॉइंग करते. लोखंडी शेड, पाण्याच्या टाक्या, जिने, गेट. माझ्या ड्रॉइंगवरनं माणसं पत्रा कापतात, वेल्डिंग मारतात. आयटीआयला शिकले. गाव कळस. बारामतीत एक खोली घेऊन राहते, एकटी. हापिसात मी "आहे, नाही" बोलते. हितं मात्र माझ्या तोंडात जे येतं तेच बोलणार.

हापिसातला कॉम्प्युटर माझा न्हाय. त्यावर साहेबाचा भाचा बसतो. तो जेवायला उठला, चहाला उठला, कंटाळून घरी गेला, की मी बसायचं. ड्रॉइंग मी करायचं, खाली नाव त्याचं. एकदा विचारलं तर साहेब म्हणाले, "मशीन कुणाचंय?"

तेव्हापासनं डोक्यात एकच. आपलं मशीन पाहिजे.

आणि संधी आली होती. वालचंदनगरच्या बाजूला एक वर्कशॉपवाले काका आहेत. त्यांना भाच्याचं नाव आणि माझा हात, दोन्ही ठाऊक होतं. म्हणाले, "पोरी, तुझं मशीन असंल तर माझी सगळी ड्रॉइंगं तुलाच देतो. पण ह्या आठवड्यात सांग. मला थांबता यायचं न्हाय." त्या दिवसापासनं माझं जेवणात ध्यान न्हवतं. बाहेर दुसरी नोकरी शोधत हिंडायला नको, कुणाच्या उठण्याची वाट बघायला नको. खोलीत खिडकीपाशी टेबलाची जागासुद्धा झाडून ठेवली होती मी. म्हणून दुकानाच्या काचेवर सेलचा कागद बघितला आणि आत शिरले.

आता सेलमधलं मशीन म्हणजे भानगड असती. कॅबिनेट नवं, चकचकीत, पुढं निळे-लाल दिवे. आत काय हाय, देवाला ठाऊक. प्रोसेसर कधीचा, रॅमची पट्टी एक का दोन, पुढं वाढवायला जागा हाय का. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, हलका बसवला असंल तर वर्षभरात जळतो आणि जाताना बाकीचं बी घेऊन जातो. आणि माझ्या कामाला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. त्याच्याबिगर टाकीचं ड्रॉइंग पडद्यावर फिरवायला गेलं की मशीन जागेवरच बसतं. मला सगळं कळतं असं न्हाय हो. अर्धं तर मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. कळत न्हाय म्हणूनच बघायचं होतं, विचारायचं होतं.

आमच्या घरी मेंढरं होती. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात मेंढी घ्यायचे तर आधी जबडा उघडायचे. दोनदाती का चारदाती, त्यावरनं वय कळतं. मग लोकर बाजूला सारून कातडं बघायचे, खूर उचलायचे, चार पावलं चालवायचे. विकणारा कधी रागावला न्हाय. उलट तोच जबडा धरून द्यायचा. एकानं एकदा मेंढीचा जबडा बघू दिला न्हाय, तर आबा काय भांडले न्हाईत, दोर त्याच्या हातात दिला आणि मला घेऊन चालू पडले. मला ती मेंढी आवडली होती. काळ्या तोंडाची होती. मी रस्ताभर रडले आणि आबांनी एका शब्दानं समजूत घातली न्हाय.

आबा आता न्हाईत. मेंढरं बी न्हाईत.

तर शेठला मी म्हटलं, "कॅबिनेट जरा उघडून दाखवता का?"

"सोबत कोण आहे?"

हा प्रश्न. खोली भाड्यानं घेताना हाच, बँकेत हाच, दवाखान्यात सलाईन लावून पडलेली तवा बी नर्सनं हाच विचारला. माझं नाव विचारायच्या आधी.

"कोण न्हाय. मीच."

"मालकांना घेऊन या मग. त्यांना समजावून सांगतो."

"मालक न्हाईत. मला सांगा."

त्यानं मला खालनं वरपत्तुर बघितलं. "कुठल्या तुम्ही?"

"कळस."

"आडनाव?"

सांगितलं. का सांगितलं? आडनावाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, हे तोंडावर विचारायला पाहिजे होतं. न्हाय विचारलं. त्यानं मान हलवली, सगळा हिशोब लागल्यागत. "हां हां. म्हणजे मेंढरंवाले तुम्ही." आणि मग जरा मवाळ होऊन, "करणार काय कॉम्प्युटरवर? टायपिंग ना?"

"ड्रॉइंग करते."

"रांगोळीचं का?"

दुकान हसलं. खी खी करून न्हाय, हळूच, तोंडातल्या तोंडात. ते हसू जास्त लागतं. माझे कान तापले. पाय म्हणत होते निघ, आणि डोकं म्हणत होतं, गप ऱ्हा, मशीन तुला पाहिजे, गरज तुझी हाय. मी ओशाळल्यागत हसले थोडी. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

तेवढ्यात एक बागायतदार दादा आले. पांढरीधोट कापडं, हातात वडापावचा कागद. पोराला गेम खेळायला पाहिजे म्हणून आले होते. शेठ खुर्चीतनं उठून उभा. "या दादा, या. चहा सांगू?" दादांनी तेलकट हातानं माउस फिरवला, कीबोर्ड बडवला, पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "ह्यो चांगला हाय का?" पडद्यावर बोटाचा तेलकट डाग उठला. पिवळं फडकं गल्ल्याखाली होतं, तितंच राहिलं.

तवा मला कळलं. घामाचं न्हवतं ते.

दादांनी काही न विचारता शेठनं तसलंच एक कॅबिनेट काढलं, सेलमधलंच, आणि स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. "बघा दादा, आतनं कसा आहे. ही रॅम, हा पंखा, हे कार्ड." दादांनी आत बघितलं न बघितल्यागत केलं आणि वडापावचा घास घेतला. मी म्हटलं, चला, ह्यांच्या निमित्तानं का होईना, बघायला मिळतंय. एक पाऊल पुढं सरकले. मान वाकवली.

शेठनं कॅबिनेट फिरवलं. उघडी बाजू दादांकडं, पत्र्याची माझ्याकडं. "तिकडं थांबा की जरा, बाई."

मी पत्र्याकडं बघत उभी राहिले. काळा पत्रा, त्यात मला माझंच तोंड दिसत होतं, धुरकट. एवढं एकटं मला खोलीत एकटीला बी कधी वाटलं न्हवतं.

दादांचं झालं. त्यांच्या गाडीत खोकं गेलं. मग शेठनं कोपऱ्यातलं एक खोकं गल्ल्यावर आणून आदळलं. टेप मारलेलं. "हे घ्या. तुमच्यासाठी अजून कमी करतो. बिलावर भावाचं नाव टाकू का? रिपेरीला माणूस आला तर बोलायला पुरुष माणूस बरा."

"माझं नाव टाका. आणि आधी उघडून दाखवा."

"आधी पैसे, मग उघडायचं. नियम आहे दुकानाचा."

"दादांचं आधी उघडलं."

"ते नेहमीचे आहेत." मग त्याचा आवाज चढला. "अहो, चालू झाला की झालं ना! आत बघून काय करणार तुम्ही? तुमच्यासारख्यांना हे पण लय झालं."

दादा दारातनं मागं वळले. भले माणूस, तसं तोंडावर काही वाईट बोलले न्हाईत. "घे गं बाई. शेठ फसवायचा न्हाय तुला. आमी घेतला की."

त्यांचा उघडून, माझा झाकून. आणि मी विश्वास ठेवायचा.

पैसे पर्समध्ये होते. वर्कशॉपवाल्या काकांचा आठवडा संपत आला होता. खिडकीपाशी जागा झाडलेली होती. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि तरी तोंडातनं आलं ते असं आलं:

"ऱ्हाऊ द्या."

"काय?"

"ऱ्हाऊ द्या म्हटलं. न्हाय घ्यायचा."

आणि जाता जाता टेबलापाशी थांबले. माउसवर माझा पुरा तळवा ठेवला, घामेजलेला, आणि दाबून धरला. शेठ बघत राहिला. "पुसा आता," म्हटलं, आणि बाहेर पडले.

कुणाला वाटंल, लय मोठं काम केलं, आता छाती पुढं काढून चालली असंल. कशाचं काय! रस्त्यावर चार पावलं बी धड चालले न्हाय. रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसले. रस सांगितला, अर्धा तसाच ठेवला. मोबाईल काढला, कुणाला तरी सांगावं म्हणून नावं वर-खाली केली. सांगायला एक माणूस न्हवतं. मोबाईल परत पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी गावाकडनं धाकट्या भावाचा फोन आला. मला वाटलं, बरं झालं, ह्याला सांगू. तर त्याचीच गडबड.

"अक्का, इंदापूरचं स्थळ आलंय तुला. बायको वारली त्यांची. दोन पोरं हायेत. रविवारी येत्यात बघायला."

"माणूस कसा हाय?"

"चांगलाच असंल की. जमीन हाय, घर हाय."

"तू भेटलायस का?"

"न्हाय अजून."

"मग मी आधी भेटते. दोन गोष्टी विचारते. बायको कशानं गेली, पोरं काय म्हणत्यात, माझं काम चालंल का."

"असं कुठं असतंय व्हय अक्का? आधी ते बघून जाऊ देत. होय म्हणाले तर मग तू काय ते बोल." तो वैतागला. "तुझं वय बघ. तुझ्यासारखीला हे बी लय झालं."

तेच. शब्दाला शब्द तेच. माझ्या आईच्या पोटचा भाऊ, आणि तो गल्ल्यावरचा परका शेठ, दोघांच्या तोंडात एकच वाक्य. मी भिंतीला टेकून खाली बसले. म्हणजे मला बी ह्या लोकांनी सेलच्या कोपऱ्यात लावलंय, आणि मला मिळायचं ते बी त्याच कोपऱ्यातलं, टेप मारलेलं. घे आणि गप गुमान चालू पड.

"ऱ्हाऊ दे," म्हटलं.

"काय ऱ्हाऊ दे?"

"रविवारी कुणाला आणू नकोस. त्यांना बोलायचं असंल तर बोलायला येऊ देत. मला बघायला न्हाय."

"मग बस एकटीच जन्मभर!" त्यानं फोन ठेवला.

एका ताटाचं जेवण केलं. भात करपला होता, तसाच खाल्ला. रडले. लपवत न्हाय, हुंदके देऊन रडले, शेजारणीनं टीव्हीचा आवाज कमी केला इतकी. पण रडताना बी एकदा सुदिक मनात आलं न्हाय, की जावं आणि ते खोकं घेऊन यावं. काळ्या तोंडाच्या मेंढीसाठी मी रस्ताभर रडले होते. आबा का बोलले न्हाईत, ते मला आत्ता कळत होतं. बोलले असते तर मागं वळावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवाल्या काकांना फोन केला. मशीन अजून न्हाय म्हटलं. ते म्हणाले, "मग बघतो पोरी दुसरं कोण." काम गेलं. दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. त्या खोक्यात काय होतं, चांगलं होतं का भंगार, ते मला आजवर कळलं न्हाय. कदाचित चांगलंच असंल. असू दे. मला बघू दिलं न्हाय, एवढं मला पुरं हाय.

भाचा अजून त्याच खुर्चीत बसतो. तो उठला की मी बसते. पण परवा ड्रॉइंगच्या खाली मी माझं नाव घातलं. साहेबांनी बघितलं, खोडायला सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही खोडा. मी नाही खोडणार." त्यांनी खोडलं. पुढच्या ड्रॉइंगवर मी परत घातलं. कधीतरी काढून टाकतील मला. ते ठाऊक असून घालते.

रविवारी कुणी आलं न्हाय. भाऊ अजून बोलत न्हाय.

खिडकीपाशी जागा तशीच रिकामी हाय, रोज झाडते. पर्समध्ये आता पेचकस असतो, स्क्रू काढायचा. बारामतीत अजून दुकानं हायेत, बारामती झाली की इंदापूर हाय. प्रत्येक दारात तोच प्रश्न असणार, सोबत कोण हाय म्हणून. उत्तर माझ्याजवळ तयार हाय. पेचकस गल्ल्यावर ठेवायचा आणि सांगायचं:

"कोण न्हाय. उघडा."