कूलरसमोरचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बंद पडला की मला आधी राग यायचा आणि मागोमाग आनंद व्हायचा. राग घरात सगळ्यांना दिसायचा. सगळे म्हणजे एकटे बाबा. आनंद मी कोणाला दाखवत नव्हते.

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी दवाखान्यांची बिलं तपासते. आई गेली तेव्हा पुण्याची खोली तशीच ठेवून, महिनाभरासाठी म्हणून नागपूरला आले आणि राहिले. पुढे ती खोलीही सोडली. कंपनीने घरून काम करू दिलं, पण कॉम्प्युटर माझा आणि कामाच्या वेळात तो बंद पडता कामा नये, अशी अट घातली. या उन्हाळ्यात तो नेमका दुपारी बंद पडू लागला. नुसता सुरू ठेवला तर तासन्‌तास चालायचा. मी एकदम मोठं काम काढलं की खट् व्हायचं आणि पडदा काळा. तिकडे ऑफिसच्या पडद्यावर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला की साहेबांचा फोन आलाच. शेवटच्या फोनवर ते म्हणाले, "मॅडम, हे दुरुस्त करून घ्या. नाही झालं तर तुम्हाला इथे ऑफिसात येऊन बसावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

नाइलाज हा शब्द मला इतका गोड याआधी कधी लागला नव्हता. बाबांना टाकून आपणहून निघणं माझ्याच्याने होत नव्हतं. त्यांची शुगर, त्यांच्या गोळ्या, आणि एकटे असले की चहा-टोस्टवर दिवस काढायची त्यांची खोड. त्यांनी मला कधीच अडवलं नाही. अडवलं असतं तर भांडून तरी गेले असते. पण कंपनीनेच बोलावलं तर कोणी कोणाला सोडलं असं झालं नसतं. मी दुरुस्तीसाठी आठवड्याची रजा टाकली. तेवढ्यात कॉम्प्युटर सुधारला तर नागपूर, नाही सुधारला तर पुणे. मी मनातल्या मनात बॅगही भरून ठेवली होती.

आणि तो कॉम्प्युटर बाबांनी हातात घेतला. बाबा खापरखेड्याला वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात अजूनही मिक्सर बिघडत नाही, ट्रिप होतो.

"दुकानात नेऊन टाकू नं, बाबा," मी म्हटलं.

"दुकानवाला काय करते? नवा घ्या म्हणते. आधी आपण पाहू."

कॉम्प्युटरच्या पोटात पत्र्याचा एक डबा असतो. घरातली वीज घेऊन तो आतल्या भागांना सोसवेल इतकी कमी करून देतो. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. बाबांनी तो बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून ठेवला. हा डबा आपणहून सुरू होत नाही. कॉम्प्युटरने आतून बोलावलं तरच होतो. त्याला फसवायला बाबांनी एक यू-पिन सरळ केली, तिचं एक टोक हिरव्या तारेच्या भोकात आणि दुसरं काळ्या तारेच्या भोकात घातलं आणि बटण दाबलं. डब्याचा पंखा भर्रकन फिरला. पिवळ्या तारेवर मीटरने बारा व्होल्ट दाखवले, लाल तारेवर पाच.

"ठीक," बाबा म्हणाले. मीटरवरची नजरही त्यांनी हलवली नाही.

डबा परत बसवला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यात जड फाइल उघडली आणि खट्. मी चिडल्यासारखं केलं. खरं तर मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पंखा फिरतो, आकडे बरोबर, तरी बंद पडतो, म्हणजे आता बाबा काय करणार होते?

संध्याकाळी चहा पिता पिता ते थांबले. "आपण त्याले लोडच नाही दिला," ते म्हणाले. "बसलेल्या माणसाले दमला का म्हणून विचारल्यासारखं झालं हे. तो नाहीच म्हणन नं."

कप तसाच ठेवून ते उठले. अंगणात त्यांची जुनी स्कूटर ताडपत्रीखाली पडून आहे. तिचा समोरचा दिवा उघडून त्यांनी बल्ब काढला आणि पिवळ्या-काळ्या तारांना जोडला. यू-पिन लागली, पंखा फिरला, बल्ब पेटला. मीटरवरचे बारा अकरावर आले, अकरातून दहाकडे घसरले, आणि खट्. बल्ब विझला.

"पाह्य!" बाबांचा चेहरा उजळला होता. "लोड घेऊनच नाही राहिला तो."

मी पाहत होते. आजार सापडला की औषध सापडायला वेळ लागत नाही, आणि बाबा तर आता जोरात होते. त्यांनी डबा उलटा केला. मागच्या जाळीवर गंज चढला होता आणि गंजावर पांढरी खरखरीत पुटं. त्यांनी ती नखाने खरवडली आणि कूलरकडे पाहिलं.

ती पुटं कशाची हे आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. कूलरच्या पाण्याचा क्षार तो. आमच्याकडे पाहुण्याला, आजारी माणसाला, परीक्षेला बसलेल्या पोराला कूलरसमोरची जागा देतात. उन्हाळ्यात घरातला सगळ्यात मोठा मान तोच. ऊन तापायला लागलं तेव्हा बाबांनी स्वतःची खाट बाजूला सरकवून माझं टेबल कूलरच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. "त्यालेही गरमी होते नं वं," असं कॉम्प्युटरबद्दल म्हणाले होते. आणि ती ओली हवा डब्याचा पंखा दिवसभर आत ओढत राहिला.

"मीच खराब केला म्हण नं," बाबा म्हणाले.

त्यांचा चेहरा मला पाहवेना. तरी वाटलं, हीच वेळ आहे. मी हलकेच म्हटलं, "जाऊ द्या नं, बाबा. पुण्याले जाऊन येईन मी काही दिवस."

"काहून? चूक माझी, अन् तू काहून जाशीन?"

बाबांनी अडवलं असतं तर मी भांडले असते, पण ते तर माझ्यासाठीच भांडत होते.

सकाळी उठून पाहते तर बाबा डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून तयार. मी जाते म्हटलं तर ऐकेनात. ऊन चढल्यावर जरीपटक्याच्या बाजारातून परत आले तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं आणि नवा डबा छातीशी धरलेला. पाणी प्यायच्या आधी त्यांनी त्याला बल्ब लावला. बल्ब पेटला. मीटर बारावर आलं आणि तिथून हललं नाही. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभी राहिले. तो घसरावा असं मला वाटत होतं, हे मी लपवत नाही.

मग त्यांनी माझं टेबल मागच्या खोलीत नेलं. आईच्या धान्याच्या कोठ्या असतात ती खोली. तिला खिडकी नाही, म्हणून कूलरची हवाही नाही. "इथं कोरडं राहते," ते म्हणाले. माझ्यासाठी एक टेबलफॅन आणून ठेवला आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. त्या खोलीला दार एकच आहे. डब्याचा पंखा नीट फिरतो की नाही हे त्यांना कानाने कळतं, खापरखेड्याची सवय. रजा संपून काम सुरू झालं त्या दिवशी संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला, "मॅडम, दिवसभर हिरवा ठिपका. छान." मी मेसेज वाचला आणि त्या कोठ्यांच्या मधे मला रडू फुटेल असं वाटलं. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं.

तेव्हाच दारातून बाबांनी विचारलं, "तुले जायचं होतं का वं पुण्याले?"

मी वळले. त्यांचा कान डब्याकडे होता, डोळे मिटलेले. दुपट्टा गळ्यात होता.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

"ठीक," ते म्हणाले. पहिल्या दिवशी डब्याला लोड न देताच म्हणाले होते, अगदी तसंच.