बंद केला, पावणेअकरा

तांब्याचा दगड दळणाऱ्या त्या मिलमध्ये त्यांना सगळे नालेसाहेब म्हणत. नाव थट्टेत पडलं आणि मग चिकटलं. आवारात पडलेला पाऊस कुठून कुठे जातो, हे पाहणं त्यांचं काम. छपरांवरचं स्वच्छ पाणी एका चरातून बाहेरच्या ओढ्याला जायचं. दळलेल्या मालाच्या ढिगावरून उतरलेलं हिरवट पाणी दुसऱ्या चरातून आतल्या तळ्यात. दोन पाण्यांची गाठ पडू द्यायची नाही. सव्वीस वर्षं त्यांनी एवढंच केलं, आणि सव्वीस वर्षं त्यांना माणसांची किळस येत राहिली.

तशी कारणंही होती. ढिगावरची ताडपत्री हमाल कधी ताणून बांधायचे नाहीत. मधे झोळ पडे, झोळात पाणी साचे, मग कुणीतरी सुरीने त्याचं पोट फाडी आणि सगळं पाणी धो धो मालात. स्वच्छ चरात लोक थुंकत, डब्यातलं उष्टं ओतत. ते आंबलेलं उष्टं काठीने उपसताना नालेसाहेबांच्या कपाळावर एक आठी पडे. ती पुढे पुढे सुट्टीच्या दिवशीही जाईना.

"या हातांनी जेवायचं कसं?" ते घरी म्हणत.

"नका जेवू," बायको म्हणे. "पण वाढताना रोज तेच ऐकवू नका."

त्यांना एकाच गोष्टीची किळस नव्हती, ती म्हणजे स्वतःचं रजिस्टर.

औषधाच्या पिंपांचं एक आवार होतं. तांबं फेसावर तरंगून वर यावं म्हणून घालायचं ते औषध. त्याला कुजलेल्या कोबीचा वास. पिंप गळलंच तर औषध बाहेर जाऊ नये म्हणून भोवती गुडघाभर कठडा बांधलेला. पाऊस झाला की कठड्याच्या आत पाणी साठे. नालेसाहेबांनी ते पांढऱ्या मगात घ्यायचं, रंग बघायचा, हुंगायचं. स्वच्छ असलं तर कोपऱ्यातला व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी ओढ्याच्या चरात सोडायचं, संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं आणि बंद करायचा. उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, सही.

पाणी उतरायला पाऊण तास लागे. पहिली काही वर्षं ते उभे राहिले. मग कधीतरी दोन्ही वेळा एकदमच लिहायला लागले. दहाला उघडला म्हणजे पावणेअकराला बंद होणारच. लिहून टाकायचं, चहा घ्यायचा, येऊन फिरवायचा. कधी विसरले नाहीत.

त्या मंगळवारी विसरले. वेळा लिहून निघाले तोच समोर ढिगावर एक हमाल ताडपत्रीचं पोट फाडताना दिसला. नालेसाहेब धावले, भांडले, "जनावरं बरी तुमच्यापेक्षा" म्हणाले, आणि त्या संतापात व्हॉल्व्ह डोक्यातून गेला तो गेलाच. संध्याकाळी एका पिंपाचं झाकण ढिलं झालं. वरून पाऊस होताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठची माणसं बादली घेऊन आली आणि ती मॅनेजरच्या टेबलावर पालथी केली. पोट फुगलेले मासे, डोळे पांढरे, सगळ्यांवर पिवळट बुळबुळीत साय. कोबीचा वास खोलीभर पसरला. मॅनेजरने रुमालातून विचारलं, "रजिस्टर काय म्हणतं?"

रजिस्टर म्हणत होतं: बंद केला, पावणेअकरा. छापल्यासारखं अक्षर.

"म्हणजे नंतर कुणीतरी उघडला. आवाराची किल्ली कुणाकडे?"

किल्ली स्टोअरवालीकडे होती. कंत्राटावरची बाई, पदरात दोन मुली. ती म्हणाली, "साहेब, तो व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो तेसुद्धा मला ठाऊक नाही. काका, तुम्ही तरी सांगा ना."

नालेसाहेबांनी रजिस्टरकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवलं. त्यांच्या तोंडून निघालं, "बघतो."

"बघा आरामात," ती म्हणाली. "मला उद्यापासून येऊ नका म्हणालेत."

संध्याकाळी त्यांनी ताट सरकवलं. बायकोने साबण पुढे केला. "अजून येतोय का वास हाताला?"

"हाताला नाही येत," ते म्हणाले.

तिने साबण उचलून ठेवला.

सकाळी स्टोअरवाली आपला डबा आणि जुन्या चपला पिशवीत भरत होती. नालेसाहेब तिच्यासमोरून मॅनेजरकडे गेले.

"व्हॉल्व्ह मी उघडा टाकला. वेळ आधीच लिहिली होती. बरीच वर्षं तशीच लिहितोय."

मॅनेजरने दार लोटून घेतलं. "चार महिने राहिलेत तुमचे. ती काय, दुसरीकडे लागेल. कशाला उकरता?"

"रजिस्टर द्या."

"अहो, घाणीत हात घालू नका उगाच."

"माझा जन्म त्यातच गेलाय साहेब. द्या."

त्यांनी 'बंद केला, पावणेअकरा' वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: बंद केलाच नाही. आधीच्या पानांवर तशाच वेळा होत्या, एकाखाली एक, सुबक. ती पानं उलटताना बोटांना काहीतरी ओशट लागल्यासारखं वाटलं. समोर मॅनेजर त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर तीच आठी होती. समोरून ती कशी दिसते हे नालेसाहेबांना तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांना घरी बसवल्याचं पत्र निघालं. स्टोअरवालीच्या चपला पिशवीतून पुन्हा दाराशी आल्या. तो पांढरा मग तिच्या स्वाधीन करायला ते गेले, तेव्हा ती पिंपं मोजत होती.

"आभार मानू म्हणता?" तिने मान वर न करता विचारलं.

"नको."

"मानणारच नव्हते. सांगायला अख्खी एक रात्र लावलीत तुम्ही." तिने मग हातात घेऊन हुंगला आणि नाक मुरडलं. "हा कधी धुता की नाही?"

नालेसाहेबांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो रिकामा असताना त्यात वाकून पाहिलं. तळाशी पिवळं कीट चढलेलं होतं.