फोनवरची मावशी

टेलरमास्टरला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याच्या बायकोलाही नाही. दोघांची ओळख कर्णबधिर मुलांच्या शाळेत झाली, आणि शाळा सुटली तरी ओळख काही सुटली नाही. त्यांना मुलगी झाली ती मात्र इतक्या तिखट कानांची, की जिन्यात कोण चढतंय ते पावलांवरून सांगायची. शाळेत तिला सगळे रेडिओ म्हणत. घरात ऐकायला कोणी नसल्यामुळे मनात साठलेलं सगळं ती वर्गात येऊन रिकामं करायची.

मास्टरचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पँट आखूड करणं, चेन बदलणं, दुसऱ्याने बिघडवलेला ब्लाउज उसवून नीट करणं, असली कामं. मशीन कुरकुरायला लागलं की त्याला ते टेबलावर टेकलेल्या तळहातातून कळायचं. गिऱ्हाइकांना सवय झाली होती. समोर उभं राहायचं, तोंड नीट उघडून बोलायचं, मास्टर ओठ वाचायचा. बोलणं किचकट असलं की तो जमिनीवर पाय आपटायचा आणि आतून रेडिओ पळत यायची. मग ती मध्ये उभी राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायची. बँकेत, दवाखान्यात, वीजबिलाच्या खिडकीवर, सगळीकडे तीच पुढे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

साथ आली, शाळा बंद झाली, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क आला. एका आठवड्यात मास्टरचं सगळं शहर मुकं झालं.

शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, एक गोष्ट ठरवून टाकली होती. शाळेचं दार बंद असलं तरी एकही घर हातचं सोडायचं नाही. प्रत्येक शिक्षकाने रोज आपापल्या मुलांना फोन करायचा, थोडं वाचून घ्यायचं, आणि शेवटी घरात काय हवं-नको ते विचारायचं. ज्या घरात कोणी आजारी, त्या घराच्या दाराशी शाळेतून धान्याची पिशवी जायची. चौथीच्या बाई या कामात जरा जास्तच काटेकोर. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्या फोनवरूनसुद्धा पकडतात, असं मुलं म्हणायची. रेडिओचा फोन त्या शेवटी ठेवत, कारण तो लवकर संपत नसे.

मास्टरच्या बायकोला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली दोन माणसं तिला न्यायला आली. त्यांचे डोळेसुद्धा चष्म्याआड होते. ती हातांनी विचारत होती, कुठे नेताय, किती दिवस. त्यांनी तिचे हात धरून तिला खुर्चीत बसवलं. घरात फोन एकच, तो टेबलावरच राहिला. मास्टर जिन्यात मागे धावला, तर एकाने तळहात पुढे करून त्याला थांबवलं. रेडिओने वरूनच ओरडून घरचा नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. घरातलं मोठं कोणी आहे का, असं विचारलं. रेडिओने खरं ते सांगितलं, की बाबा आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. मग करतो, असं म्हणून फोन बंद झाला आणि परत आलाच नाही. तो सगळा दिवस बापलेक फोन मध्ये ठेवून समोरासमोर बसून होते. काहीच न कळण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही, हे त्या दिवशी त्या पोरीला कळलं.

पुढच्या फोनला तिने आवाज जाड केला आणि म्हणाली, "मी त्यांची धाकटी बहीण बोलतेय."

पलीकडचा डॉक्टर दमलेला होता. यादीतले पुढचे नंबर त्याची वाट बघत होते. त्याने तिला सगळं सांगितलं. ऑक्सिजन किती कमी आहे, काल किती होता, पेशंट सहकार्य करत नाही. रोज संध्याकाळी तो या मावशीला फोन करायचा आणि मावशी "हो, बरं, कळलं" म्हणायची. मग फोन ठेवून ती बाबांकडे वळायची आणि हातांनी सांगायची, 'बरी आहे. आज जेवली.'

मास्टरने पहिले दोन दिवस विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला काहीतरी खुपलं. माणसाचे हात काय वाटेल ते सांगू शकतात, पण तो जन्मभर चेहरे बघून जगलेला. लेकीचे हात 'बरी आहे' म्हणत होते आणि तोंड पार उतरलेलं. त्याने तिची हनुवटी धरून खोदून विचारलं. तिने हनुवटी सोडवून घेतली, तेच हातवारे जोरात केले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. पाठ फिरवणं म्हणजे त्या घरात बोलणं तोडणं. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं. पण मास्टर विचारणार कोणाला? ज्या एका तोंडातून त्याला जग कळायचं, तेच तोंड आता खोटं बोलत होतं. त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथीच्या बाईंचा फोन आला. आई दवाखान्यात असल्याचं बाईंना माहीत होतं, आणि ती बरी आहे असंच त्यांनाही सांगितलेलं होतं. रेडिओने धडा वाचला. अडखळली नाही, मध्ये थांबून गप्पाही मारल्या नाहीत. बाईंना ते बरं वाटलं नाही. त्या फोन ठेवणार, तेवढ्यात तिने विचारलं,

"बाई, संमती म्हणजे काय?"

"परवानगी. एखाद्या गोष्टीला हो म्हणणं. कुठल्या धड्यात आला शब्द?"

रेडिओने अगदी बारीक आवाजात विचारलं,

"घशात नळी घालायला आपण संमती दिली नाही, तर काय होतं?"

बाईंनी आवाज चढू दिला नाही. हळूहळू एकेक विचारत गेल्या आणि रेडिओने सगळं सांगून टाकलं. काल डॉक्टर म्हणाले होते, तब्येत बिघडतेय, नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, घरच्यांशी बोलून आज संध्याकाळपर्यंत कळवा. ती रात्रभर एकटी त्यावर विचार करत होती. हो म्हटलं आणि आई मेली तर तिने मारल्यासारखं होईल. नाही म्हटलं तरी तेच.

"तू काही ठरवायचं नाहीस," बाई म्हणाल्या. "फोन जवळ ठेव. मी येतेय."

त्यांनी जाता जाता मोठ्या बाईंना कळवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, जा, लागेल तसं शाळेचं नाव घ्या, मागचं मी बघते. बाईंच्या घरी म्हातारे सासरे होते आणि मास्टरचं घर साथीतलं. याचा विचार त्यांच्या मनात जिना चढताना आला, तेव्हा परत फिरण्यात अर्थ नव्हता.

मास्टरच्या दाराची बेल दाबली की आत दिवा लागायचा. त्याने दार उघडलं. समोर मास्क लावलेली बाई, आणि मास्कच्या वरचे डोळे काहीतरी भयंकर सांगायला आलेले. रेडिओ दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, हात वर करून, सवयीप्रमाणे.

"तू नाही," बाई तिला म्हणाल्या. "आज मी सांगणार."

त्या चार पायऱ्या खाली उतरल्या, जिन्याची खिडकी उघडली आणि तिथे उजेडात उभं राहून मास्क हनुवटीखाली ओढला. मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मास्टर दाराची चौकट धरून त्यांचे ओठ वाचत होता. 'रोज' आणि 'मावशी' हे शब्द आले तेव्हा त्याने लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तो चिडेल असं बाईंना वाटलं. त्याने फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून पुढचं वाचत राहिला. नळीचं कळल्यावर, गरज असेल तर घाला, अशी त्याने मान हलवली.

त्याच जिन्यातून बाईंनी हॉस्पिटलला फोन लावला. बऱ्याच वेळाने तो डॉक्टर मिळाला. बाईंनी आधी आपण कोण ते सांगितलं, मग बाकीचं.

डॉक्टर म्हणाला, "मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होतो?"

"त्यांच्या मुलीशी. चौथीत आहे."

त्यानंतर त्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, पेशंटला ऐकू येत नाही हे कागदावर कुठेच आलेलं नाही. आम्हाला वाटलं तापाने भ्रम झालाय. सारखे हात झाडतात, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतात, पालथं झोपवलं की उठून बसतात. त्यामुळेच ऑक्सिजन उतरतोय. शेवटी काल हात पलंगाला बांधावे लागले.

बाईंनी हे सगळं मास्टरला सांगितलं, पण शेवटच्या वाक्यापाशी त्यांचे ओठ थांबले. मास्टरने हाताने खूण केली, पुढे सांगा. त्यांनी सांगितलं. त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. त्यांनी परत सांगितलं.

हात बांधले म्हणजे तिचं तोंड बांधलं होतं. गेला पूर्ण दिवस ती त्या वॉर्डात पडून होती, आणि पाणी हवंय एवढंही कोणाला सांगू शकत नव्हती.

मास्टरला थोडंफार बोलता यायचं. शाळेत शिकवलं होतं. पण आपला आवाज विचित्र येतो हे त्याला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळायचं, म्हणून घराबाहेर त्याने तो कधी काढला नव्हता. आता तो पायऱ्या उतरून अर्ध्यावर आला, बाईंच्या हातातल्या फोनकडे तोंड केलं आणि ओबडधोबड पण स्पष्ट आवाजात म्हणाला,

"हात सोडा. मला दाखवा तिला. मी सांगतो."

डॉक्टर म्हणाला, एवढा वेळ नाही. बाई म्हणाल्या, नळी घालायला जेवढा वेळ लागेल त्याहून हा कमीच आहे. आणि हो, गरज पडली तर नळीलाही यांची संमती आहे, ती त्यांनी आत्ताच दिली, मी साक्षीदार आहे. पण आधी हे.

थोड्या वेळाने एका नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग बायकोचा चेहरा. ओळखू येत नव्हता इतका सुकलेला. मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते. नवरा दिसताच तिने मोकळे झालेले हात उचलले आणि विचारलं, 'तू जिवंत आहेस?'

तिला वाटलं होतं नवरा आणि लेक दोघंही गेली. मागे कोणी उरलेलं नाही, म्हणूनच कोणी काही सांगत नाही.

मास्टरने फोन बाईंना धरायला दिला, कारण त्याला दोन्ही हात हवे होते. आजारी घरातल्या माणसाच्या इतक्या जवळ उभं राहायचं नाही, हे दोघंही विसरून गेले. तो सांगत राहिला. मास्क काढू नकोस, त्यातून हवा येते. पालथी झोप, त्याने छाती मोकळी होते. ही माणसं तुला बरी करायला बघताहेत. तिचे डोळे त्याच्या हातांवरून हलत नव्हते. मग तिने स्वतःच कूस बदलली आणि नर्सने तिच्या छातीखाली उशी सरकवली.

डॉक्टर म्हणाला, सकाळपर्यंत थांबून बघू. खात्री देत नाही.

ती रात्र तिघांच्याही जिवाला घोर लावणारी होती. सकाळी फोन आला, तो बाईंच्या नंबरवर. ऑक्सिजन थोडा वर चढला होता. नळी आज नको. उद्याचं उद्या.

मोठ्या बाईंनी त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवून टाकलं की या पेशंटचे नातेवाईक म्हणून यापुढे शाळेचा नंबर धरावा. रोज संध्याकाळी चौथीच्या बाई जिन्याच्या खिडकीशी उभ्या राहून मास्टरला डॉक्टरांचं बोलणं सांगायच्या. चांगलं असेल ते चांगलं, वाईट असेल ते वाईट, काही न झाकता. वर्गातल्या मुलांनी घरी बसून चित्रं काढली: पाणी, थंडी, दुखतंय, भीती वाटतेय, घरी कधी. ती पक्क्या प्लास्टिकमध्ये घालून वॉर्डात पाठवली. एका पोराने संडासाचं चित्र दाराच्या कडीसकट इतकं मन लावून काढलं होतं, की पुढे सगळा वॉर्ड तेच वापरायला लागला, ऐकू येणारेसुद्धा.

मध्ये दोन दिवस पुन्हा बिघडलं. तेव्हा बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, पण बोलायला तोंड उघडेना. मास्टरने त्यांचा चेहरा बघूनच मान हलवली आणि कळलं अशी खूण केली. याच काळात बाईंना स्वतःलाही बारीक ताप येऊन गेला आणि सासऱ्यांसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला. म्हाताऱ्याला काही झालं नाही. याला नशीबच म्हणायचं.

बायको घरी आली तेव्हा चार पावलं चालून दमत होती. हात मोकळे सोडले म्हणून ती वाचली, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. बांधलेच राहिले असते तर काय झालं असतं, तेही कोणी सांगू शकलं नाही. पुढे कित्येक महिने तिला मनगटात बांगडीसुद्धा सहन होत नसे.

रेडिओने फोन घेणं बंद केलं. घरात फोन वाजला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. बाईंनी तिला धडे वाचायला लावणं सोडलं आणि नुसत्या लेखी सूचना पाठवत राहिल्या. तिने आपणहून पुन्हा एखादा प्रश्न विचारावा, यासाठी त्यांना बरीच वाट पाहावी लागली.

शाळा उघडायच्या आधी बाई एकदा मास्टरच्या घरी आल्या. पोरीचा अभ्यास किती मागे पडलाय, ते बोलायचं होतं. त्या बसल्या तशी रेडिओ आतून आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. मास्टरने तिला खेळायला जा अशी खूण केली आणि कापायच्या टेबलावरची पाटी-खडू जवळ ओढली. ती जागची हलली नाही. आपल्याशिवाय हे कसं होणार, तेच तिला कळेना. त्याने पाटीवर काहीतरी लिहून बाईंसमोर धरलं. बाईंनी वाचलं, खडू घेतला आणि खाली उत्तर लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मास्टरचा एक ऱ्हस्व त्यांनी दीर्घ केला.

रेडिओ थोडा वेळ दारात रेंगाळली. मग चपला घालून खाली गेली.