एकतिसावं कलम

क्षेमकल्याणींच्या घरात ‘घरी’ म्हणजे नाशिकला. नाशिकचा तो फ्लॅट वर्षातले अकरा महिने चादरींखाली झोपलेला असे. जुलै संपता संपता हे तिघं जाऊन त्याला उठवत, झुरळं मारत, आल्यागेल्याला चहा पाजत आणि महिन्याभराने पुन्हा झाकून येत. उरलेले अकरा महिने कुवेतच्या फहाहीलमध्ये ज्या तिसऱ्या मजल्यावर ते जेवत, झोपत, भांडत, आजारी पडत, त्या जागेला मात्र नाव नव्हतं. तिला नुसतं ‘इथे’ म्हणत. श्वेता सहा महिन्यांची असताना ‘इथे’ आली आणि सोळा वर्षं ‘इथे’च राहिली. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसे. लहानपणी तिला वाटायचं, प्रत्येक गावाला एक अशी ज्योत असते, देवापुढच्या समईसारखी. नाशिकला पहिल्यांदा कळत्या वयात गेली तेव्हा रात्री खिडकीशी उभी राहून तिने आईला विचारलं होतं, “यांची विझली का?”

दोन हजार नऊच्या मार्चात बारावीची परीक्षा संपली. पुढचं सगळं ठरलेलंच होतं. विषय कम्प्युटर, तो तर पत्रिकेतच असावा. गाव पुणे, कॉलेज बाबांचं जुनं. दर सहा महिन्यांच्या आत एकदा येऊन विमानतळावर तोंड दाखवून जायचं, नाहीतर अकामा रद्द, म्हणजे ‘इथे’ राहायचा परवाना संपला. ज्या गावात ती लहानाची मोठी झाली, तिथे तिला आता हजेरी लावायला यायचं होतं. हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं.

श्वेताला वाटत होतं. तिला जायचं नव्हतं.

“इथे कुठे शिकणार?” आईने, सरोजिनीबाईंनी, कणीक मळता मळता विचारलं.

“नवी युनिव्हर्सिटी निघालीय. कम्प्युटर आहे. रबिया जातेय.”

रबिया तिची वर्गातली मैत्रीण, मूळची चिपळूणची. तिच्या वडिलांचं फहाहीलच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. त्यांनी मुलीच्या उच्च शिक्षणाचा निर्णय दोन मिनिटांत घेतला होता, कारण युनिव्हर्सिटी त्यांच्या गोदामाच्या वाटेवर होती.

राजन क्षेमकल्याणी दोन मिनिटांत निर्णय घेणाऱ्यांतले नव्हते. ते पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्पेक्शन इंजिनिअर होते. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह तपासायचे आणि लेखी मत द्यायचं, हे त्यांचं काम. हेच ते घरीही करत. कलिंगड आणलं तरी ठोकून, फिरवून, देठ बघून आणत, आणि ते पांढरं निघालं तर दोष दुकानदाराच्या साठवणुकीचा असे. लेकीचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हीच धोक्याची सूचना होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी चाळीस कलमांची छापील यादी आणली.

“शनिवारी त्यांचा ओपन डे आहे ना? जा. बघून ये. भरून आण. मग बोलू.”

जिन्याच्या पायरीची उंची. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख. पिण्याच्या पाण्याची टाकी झाकलेली आहे का. मुलींच्या प्रसाधनगृहाची कडी आतून लागते का. ग्रंथालयातली आसनसंख्या. प्रत्येक कलमापुढे बरोबरची खूण करायला चौकोन आणि शेरा लिहायला जागा.

“बाबा, मी कॉलेज बघायला जातेय, टाकी नाही.”

“टाकी असती तर मी स्वतः गेलो असतो,” बाबा म्हणाले. लेकीच्या आयुष्यापेक्षा टाकी महत्त्वाची, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण वाक्य निघायचं ते निघालं.

शनिवारी त्या तिघी निघाल्या. तिसरी प्राची. तिचं पुणं पक्कं झालेलं होतं, डिसेंबरात आईवडलांबरोबर जाऊन ती तेच कॉलेज बघून आली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या भविष्याकडे ती सहलीसारखं बघू शकत होती. गाडी पुंडलिकची. पुंडलिक कुडाळकडचा, एसी दुरुस्तीच्या कामावर आलेला, जलीबला एका खोलीत सात जणांबरोबर राहणारा. सुट्टीच्या दिवशी तो ओळखीतल्या कुटुंबांच्या पोरांची व्हॅनमधून नेआण करी. पोरी त्याला पुंडलिकमामा म्हणत. मामा म्हटलं की आईवडलांना पोरी सुरक्षित वाटतात, मग तो कुडाळचा असो की कैरोचा.

युनिव्हर्सिटीच्या माहितीपुस्तिकेवर हिरवळ होती, मोठं झाड होतं आणि झाडाखाली वही मांडीवर घेऊन कारणाशिवाय हसणारी मुलगी होती. प्रत्यक्षात वाळूच्या मैदानाच्या कडेला दुमजली इमारत होती. तळमजल्यावर अर्ध्या भागात सोफ्याचं दुकान. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण त्या वाळ्यालाही फुगे बांधलेले होते. दारात मोफत पिशव्या मिळत, पिशवीत पेन, पेनावर झाड.

“गाइज, डोनट्स आहेत,” प्राची म्हणाली, आणि पाहणी तिथेच आटोपली.

एका बाईंनी त्यांना प्रयोगशाळा दाखवली. कम्प्युटरांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ग्रंथालयाला कुलूप होतं, पण काचेतून दिसत होतं. बाई काचेला बोट लावून म्हणाल्या, “लायब्ररी!” आणि पुढे चालू लागल्या. वीस मिनिटांनी तिघी व्हॅनमध्ये होत्या आणि व्हॅन एगैलाच्या मॉलकडे वळली होती. दिवस अख्खा हातात असताना भविष्यावर किती वेळ घालवायचा!

मॉलमध्ये त्यांनी मनगटांवर फुकटची अत्तरं लावून घेतली. उजव्या हातावरची जागा संपली तेव्हा डाव्या हातावर, मग रबियाच्या कोपरावर. परवडणार नाहीत अशा चपला घालून आरशासमोर फिरल्या. शेवटी फूड कोर्टात बसल्यावर श्वेताला यादी आठवली.

“आण इकडे,” प्राची म्हणाली. “पायऱ्या?”

“होत्या.”

“टिक. नळकांडं?”

“लाल काहीतरी होतं.”

“टिक.”

“अगं, बघितलं तरी होतं का आपण सगळं?” रबियाने विचारलं.

“तुला काय, तुझे अब्बा सही करून मोकळे. हिला कॉलेज पास करायचंय ना? सगळं ओके लिही. कोण जाणार बघायला?”

चाळीसच्या चाळीस चौकोन दहा मिनिटांत भरले. सतराव्या कलमावर केचपचा थेंब पडला, तो श्वेताने जिभेने टिपला. आपलं ‘इथे’ राहणं आता पक्कं झालं, असं वाटून तिने एक आइस्क्रीम जास्त घेतलं.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून यादी वाचली. एकेका कलमाला ते मान डोलावत होते. श्वेता दारात उभी होती.

“सगळं उत्तम दिसतंय.”

“हो बाबा. इट्स रिअली गुड.”

“एकतिसाव्या कलमावर खूण केलीस. ‘तळमजल्यावरच्या बॉयलरचं प्रेशर गेज चालू आहे.’ बघितलंस?”

“हो.”

“बॉयलर कसा होता?”

श्वेताने क्षणभर विचार केला. “मोठा.”

बाबांनी चष्मा काढला. “कुवेतमध्ये कॉलेजात बॉयलर कशाला लागेल गं? आपण सहा महिने नळातूनच उकळतं पाणी पितो.” ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. “प्रत्येक यादीत मी एक खोटं कलम घालतो. टेबलावर बसून रिपोर्ट भरणारा त्यात सापडतो. आणि ते नसतं तरी कळलं असतं. ज्या रिपोर्टात एकही दोष नाही, तो बघून लिहिलेला नसतो.” यादीची घडी करत ते म्हणाले, “पुणे. विषय संपला.”

स्वयंपाकघरातून आईने फोडणीचा आवाज जरा मोठा केला. या घरात सांत्वन असंच होई.

पुढच्या शनिवारी तिघी पुन्हा युनिव्हर्सिटीत गेल्या. या वेळी श्वेताने कुणाला डोनट खाऊ दिले नाहीत, तसे ते नव्हतेही. फुगे गेले होते. हवेत धूळ होती, सूर्य जुन्या पितळी ताटलीसारखा. तिने बाबांची मोजपट्टी आणली होती. ती पायऱ्या मोजू लागली, रबिया आकडे लिहू लागली, प्राची “आय कान्ट बिलीव्ह धिस” म्हणत दिवा धरू लागली. अकरावं कलम, जिन्याखालची जागा मोकळी आहे का : तिथे पुठ्ठ्याची खोकी छताला टेकली होती. नळकांड्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. ग्रंथालय उघडून घेतलं तर आत दीड कपाट पुस्तकं, त्यातली अर्धी मासळी साठवण्याच्या शास्त्रावरची. पुंडलिक सांगितल्याशिवाय गच्चीवर जाऊन आला.

“काय गो, पाण्याची टाकी उगडी आसा थंय,” तो म्हणाला. “आणि एसी दोनच चालतत. बाकीचे नुसते आवाज करतत, माझ्या सुपरवायझरासारखे.”

“खरंच, मामा?”

“माका खोटा सांगान काय मिळताला? लिही.”

दोन तास लागले. सव्वीस दोष निघाले. एकतिसाव्या कलमापुढे तिने लिहिलं, ‘बॉयलर अस्तित्वात नाही.’

त्या रात्री बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पायरीच्या उंचीपाशी त्यांची भुवई वर गेली. टाकीपाशी त्यांनी “अरे वा” म्हटलं. मुलीच्या दहावीच्या गुणांना त्यांनी कधी अरे वा म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“उत्तम रिपोर्ट. माझ्या हाताखालचे इंजिनिअरसुद्धा असा लिहीत नाहीत.”

“मग?”

“मग काय? रिपोर्ट पास, कॉलेज नापास. सव्वीस दोष असलेल्या जागी मुलीला कसं घालू?”

म्हणजे खोटं लिहिलं तर खोटं म्हणून पुणे, आणि खरं लिहिलं तर खरं म्हणून पुणे. श्वेता रडली नाही. खोलीत गेली, एक कागद घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवला. तशीच छापील यादी, चाळीस कलमं. वर तिने टाइप केलं होतं : पुणे.

“ही कशाला?” बाबा हसले. “चार वर्षं काढलीत मी तिथे.”

“मग भरा ना. लगेच होईल.”

ते खरंच लगेच झालं. बाबांचं पेन चालू लागलं तसा त्यांचा चेहरा सैल झाला. पाणी, बरोबर. ग्रंथालय, “अगं, काय ग्रंथालय होतं!”, बरोबर. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा कुठलासा मोकळा वारा त्यांच्या तोंडावर येत असावा. शेवटचा चौकोन भरून त्यांनी कागद मुलीकडे सरकवला.

“चाळीसपैकी चाळीस,” ती म्हणाली. “एकही दोष नाही.”

बाबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

“बावीस नंबर बघा. ‘मुलींच्या वसतिगृहाची लिफ्ट चालू आहे.’”

“असेलच की. एवढं जुनं कॉलेज.”

“बैठं आहे ते, बाबा. एकच मजला. प्राची बघून आलीय.”

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. सरोजिनीबाई हात पुसत दारात आल्या आणि एकवीस वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदा नवऱ्याचा रिपोर्ट वाचू लागल्या. “लिफ्ट!” एवढंच म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक स्वच्छ, एक शेऱ्यांनी काळा झालेला.

“मला तिथे कुणी ओळखत नाही, बाबा,” श्वेता म्हणाली. “इथे मला उघडी टाकीसुद्धा माहीत आहे.”

बाबांनी काळा झालेला कागद पुढे ओढून खाली लिहिलं, ‘त्रुटी दूर करण्याच्या अटीवर मान्य,’ आणि सही केली. कारखान्यात ते असंच लिहीत. वर तारीख घालायला विसरले नाहीत.

त्यानंतर त्यांनी त्या युनिव्हर्सिटीला सव्वीस कलमांचं पत्र पाठवलं, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. टाकीला झाकण बसलं, ते पत्रांमुळे नाही, पुंडलिकने एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवलं म्हणून. राजनराव मात्र पत्रव्यवहाराचं यश सगळ्यांना सांगत, आणि पुंडलिक मान डोलावी.

ऑगस्टात प्राची पुण्याला गेली. व्हॅनमधली मधली जागा रिकामी राहिली आणि त्यावर दोघींच्या बॅगा बसू लागल्या. पहिल्या दिवशी श्वेता आणि रबिया जिन्यापाशी आल्या. खोकी तशीच होती, छताला टेकलेली. श्वेता उगीच थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. अकराव्या कलमाला अजून कुणी हात लावलेला नव्हता.

“चल की गं,” रबिया म्हणाली, “बॉयलर थंड होतोय.”